उजवीकडे, बेंबीच्या खाली

१. सगळेच चुकले

एक विद्यार्थी चुकला तर त्याने अभ्यास केला नाही म्हणायचं, चार चुकले तर मास्तरांनी शिकवलं नाही म्हणायचं. पण दुपारची जवळजवळ अख्खी तुकडी एकाच प्रश्नावर, एकच चूक करून बसली, तर त्याला काय म्हणायचं? वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांनी त्याला सरळ चोरी म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याला बोलावून घेतलं.

आत्या म्हणजे त्यांची सख्खी आत्या. आयुष्यभर लोकांची पोटं तपासून आता निवृत्त झालेली. अख्खं महाविद्यालय तिला आत्याच म्हणायचं आणि जरा बिचकूनच असायचं, कारण तिला एकच प्रश्न तीनदा विचारायची खोड होती. पहिल्या उत्तरात माणूस शहाणपण दाखवतो, दुसऱ्यात चिडतो आणि तिसऱ्यात कंटाळून खरं बोलतो, असं तिचं म्हणणं.

"बाळ्या, सावकाश सांग," ती खुर्चीत टेकत म्हणाली. "फोनवर मला काडीचंही कळलं नाही."

भल्या मोठ्या टेबलामागे बसलेल्या अधिष्ठात्यांना बाळ्या म्हणणारं जगात आता हे एकच माणूस उरलं होतं. त्यांनी दार नीट लागलंय ना ते पाहिलं आणि सांगायला सुरुवात केली.

काल हाताच्या कामाची परीक्षा होती. एका रांगेत खोल्या, प्रत्येक खोलीत एक काम. कुठे रबराच्या कातडीवर टाके घालायचे, कुठे बाहुलीच्या तोंडात श्वास फुंकायचा. घंटा वाजली की पुढच्या खोलीत जायचं. पोटाच्या खोलीत मात्र रबराचं काही नसतं, तिथे जिवंत बाई असते. पेशंटमावशी. एकेकाळी रंगमंच गाजवलेल्या, आता दरवर्षी परीक्षेत पेशंट होणाऱ्या. काय दुखतंय आणि कुठे दाबलं की कळवळायचं हे एका कार्डावर त्यांना लिहून देतात. परीक्षार्थ्याने पोट तपासायचं आणि आजार कोणता ते लिहायचं.

"यंदा पित्ताशय ठेवलं होतं," अधिष्ठाते म्हणाले. "उजवीकडे, फासळीखाली दुखायला हवं. सकाळच्या तुकडीने बरोबर ओळखलं. दुपारच्या तुकडीने काय लिहिलं? अपेंडिक्स! उजवीकडे, बेंबीच्या खाली. काही जणांनी दोन्ही लिहिलं, म्हणजे एका दगडात दोन पक्षी. आता गेल्या वर्षी याच मावशींना आम्ही काय दिलं होतं, सांग बघू?"

"अपेंडिक्स?"

"अपेंडिक्स! म्हणजे गेल्या वर्षीचं उत्तर यांना कुणीतरी पुरवलं, आणि यांनी डोळे मिटून ते उतरवलं." मग त्यांनी मान खाली घातली, पण तोंडावरचा अभिमान काही लपेना. "एकाच मुलाने फक्त पित्ताशय लिहिलं. आपल्या चिरंजीवांनी."

"वा," आत्या म्हणाली. "आणि पुरवलं कुणी?"

मॉनिटरने. तुकडीची प्रमुख, हुशार मुलगी. तिची मोठी बहीण गेल्या वर्षी इथूनच पास झाली होती. बहिणीची टिपणं मॉनिटरने परीक्षेच्या आदल्या दिवशी आपल्या तुकडीत वाटली, आणि ते तिने कबूलही केलं होतं. दुपारी बैठक होती. तिचं नाव महाविद्यालयातून कायमचं काढायचं आणि बाकीच्यांना वर्षभर मागे ठेवायचं, असं जवळजवळ ठरलं होतं.

"मग झालं की! मला कशाला बोलावलंस?"

अधिष्ठात्यांनी डोकं खाजवलं. "ती म्हणते, टिपणं वाटली, पण उत्तर त्यातून नाही लिहिलं. हाताला लागलं म्हणून लिहिलं. आणि खोलीत परीक्षक म्हणून सर्जनसाहेब बसले होते. ते म्हणतात, मुलीने हात अगदी नीट फिरवला. मला एवढंच सांग आत्या, धडधाकट बाईच्या पोटात नसलेलं दुखणं हाताला लागेल कसं?"

 पोटांविषयी आपल्याला उत्तर देता येत नाही असा आत्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

२. एकच पोट, दोन साक्षी

मॉनिटर सरावाच्या खोलीत बसली होती. भोवती टेबलांवर रबराचे हात आणि मानेपासून वरच्याच बाहुल्या. तिने आपले दोन्ही हात काखेत दाबून धरले होते.

"मावशी ओरडल्या का गं?" आत्याने विचारलं.

"फासळीखाली दाबलं तेव्हा 'आई गं' म्हणाल्या."

"आणि खाली दाबलं तेव्हा ओरडल्या?"

"नाही."

"ओरडल्या नाहीत?"

"नाही हो आत्या! चेहरा एकदम कोरा. पण पोट..." तिने काखेतला एक हात काढला आणि हवेतच दाबून दाखवला. "पोटाचा तेवढाच कोपरा हात आत जाऊ देईना. बाकी सगळं मऊ आणि तिथे फळीसारखं. मला वाटलं, काय बेमालूम नाटक करतात मावशी! मग मी विचार केला, चेहऱ्याचं ऐकू की हाताचं? आणि हाताचं ऐकलं."

"आता काय वाटतं?"

तिचे डोळे भरून आले, पण आवाज सरळच राहिला. "आता वाटतं, मी टिपणात वाचलं होतं म्हणून मला तसं लागलं. रात्रभर हाच विचार करतेय. नाव काढलं तर घरी काय सांगायचं ते मी बघीन. पण नसलेलं माझ्या हाताला लागत असेल, तर मी डॉक्टर व्हायलाच नको. ज्याला बरोबर लागलं असा एक जण आहेच ना? एकाच पोटावर त्याला एक आणि मला भलतंच, म्हणजे माझाच हात खोटा."

 पोरगी खोटं बोलत नव्हती, एवढं आत्याला तिसऱ्या उत्तराची वाट न बघताच कळलं होतं. पण खरं बोलणारं माणूस चुकीचंही बोलू शकतं, हीच तर पंचाईत होती.

तिने बाकीच्या पोरांना एकेक करून बोलावलं. सगळे भेदरलेले. एक म्हणाला, मी डावीकडे दाबलं तर मावशींचा हात उजवीकडे गेला, आणि मग त्यांनी तो झटकन मागे घेतला. दुसरी म्हणाली, मावशी उजवा पाय सरळ करायला तयार नव्हत्या, मी दोनदा सांगितलं. तिसऱ्याने दोन्ही आजार लिहिले होते. तो म्हणाला, "आत्या, त्या वर ओरडत होत्या आणि खाली कडक होत्या. मी काय करणार? माझी अक्कलच चालेना, म्हणून दोन्ही लिहून टाकलं."

शेवटी चिरंजीव आला. उंच, देखणा, हसरा. त्याला तिने पाळण्यात असल्यापासून पाहिलं होतं.

"आत्याआजी, तुम्हीसुद्धा यात?" तो म्हणाला, पण खुर्चीच्या अगदी कडेला बसला.

"मी बापडी आपली विचारते. पोट कसं होतं रे?"

"मऊ."

"खाली? उजवीकडे?"

"मऊच."

"अगदी मऊ?"

"लोण्यासारखं," तो म्हणाला. "सगळीकडे. फक्त फासळीखाली दुखत होतं."

म्हणजे एकाच दुपारी, एकाच खाटेवर, एका बाईला दोन पोटं होती. त्याच्या आधी आत गेलेल्याला कडक लागलं, त्याच्यानंतर गेलेलीला कडक लागलं आणि याला लोणी. आत्या खिडकीपाशी उभी राहिली आणि तिने स्वतःच्याच पोटाचा उजवा कोपरा आवळायचा प्रयत्न करून पाहिला. सगळं पोट आवळलं गेलं. कोपरा तेवढा आवळता येईना.

ती एकदम थांबली. पण डोक्यात काहीतरी उगवतंय म्हणेपर्यंत दारात सर्जनसाहेब येऊन उभे राहिले आणि त्यांनी बॉम्बच टाकला.

"आत्या, तुम्ही उगाच पोरांच्या मागे लागलात. चोर कोण ते मला माहीत आहे."

३. डबा परत आला

सर्जनसाहेबांचा संशय सिस्टरवर होता. परीक्षेच्या खोल्या मांडणारी, कार्डं वाटणारी, घंटा वाजवणारी सिस्टर. "ती सारखी मावशींच्या कानाशी लागत होती," ते म्हणाले. "दुपारी तर फारच. तिनेच त्यांना काहीतरी उलटसुलट सांगितलं असणार. म्हणून बाईंनी सकाळी एक नाटक केलं, दुपारी दुसरं."

"तुम्ही तर समोर बसला होतात. नाटक बदललेलं दिसलं नाही?"

"तसं नाही. नाटक तेच होतं," ते गडबडले. "त्या फासळीखालीच कळवळत होत्या. खाली मला तरी काही दिसलं नाही."

"मग तुम्ही स्वतः हात लावून का नाही पाहिलात?"

सर्जनसाहेबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने त्यांना चपला घालून शस्त्रक्रियेच्या खोलीत यायला सांगितलं होतं. "परीक्षकाने पेशंटला हात लावायचा नसतो, आत्या! आपला हात जिथे जाईल तिथे पोरांचं लक्ष जातं. खुर्चीत बसायचं आणि कागदावर खुणा करायच्या. तोच नियम."

नियम बरोबरच होता. म्हणजे काल दिवसभर त्या पोटाला हात लावला तो फक्त पोरांनी. ज्यांना खरं पोट कळतं त्यांनी कुणी नाही. आत्याने ते मनाशी नोंदवलं, पण त्याचं करायचं काय हे तिला कळेना.

सिस्टर मात्र चोर वगैरे ऐकून अशी काही भडकली की विचारू नका.

"मी कानाशी लागत होते? मी विनवण्या करत होते त्यांच्या! दुपारी डबा नेऊन दिला तर तसाच परत. म्हटलं, दोन घास खा, दिवसभर पोरं तिंबणार आहेत तुम्हाला. तर म्हणे, सिस्टर, वास पण नको. चांगला माझ्या हातचा डबा! गेल्या वर्षी बोटं चाटत होत्या. मग म्हणे, गुडघ्याखाली उशी दे. दिली. परीक्षेची खाट आहे की लग्नाचा पलंग, असं म्हटलं मी मनात. आणि वर हे साहेब मला चोर म्हणतात!"

"उशी कुठल्या गुडघ्याखाली?"

"आता ते कुठलं लक्षात राहायला! उजव्या."

आत्याने मावशींना फोन लावला. त्या एकट्याच राहत, महाविद्यालयाच्या मागच्याच रस्त्यावर, दुसऱ्या मजल्यावर. फोन उचलायला त्यांनी बराच वेळ घेतला.

"काय म्हणताय? पोरांनी चूक लिहिलं?" मावशींना धक्काच बसला. "अहो, मी कार्डाबाहेर एक सुस्कारा टाकला नाही! फासळीखाली कळवळायचं म्हणजे फासळीखालीच. तिथे चूक नाही व्हायची. एकदा प्रयोगात पायात खिळा घुसला होता माझ्या. पडदा पडेपर्यंत शेजारच्या नटाला पत्ता लागू दिला नाही. नाटकात नसलेलं प्रेक्षकाला दिसता कामा नये."

"आणि आता तब्येत?"

"मस्त! जरा अंग मोडून आलंय, पडलेय आपली. तुम्ही मला पुढच्या वर्षी बोलावणार ना? या पोरांच्या भानगडीत माझं नाव नका घालू हं. बाकी पोरं गुणी आहेत. एक तर फारच मायाळू. खाली हात टेकवला आणि लगेच उचलला, चटका बसल्यासारखा. मग लांब श्वास घ्या म्हणाला, फासळीखाली दाबलं आणि निघाला. बाकीच्यांनी मेल्यांनी तिथेच दाबून दाबून जीव काढला."

आत्याने फोन ठेवला. तिच्या डोक्यात डबा, उशी, खिळा आणि चटका यांचा नुसता काला झाला होता. प्रत्येक जण खरं बोलत होता आणि सगळ्यांचं मिळून खोटं होत होतं. बैठकीची वेळ जवळ येत चालली होती, आणि अधिष्ठात्यांचा शिपाई मॉनिटरला बोलवायला निघालासुद्धा होता.

४. टिपणात नसलेलं

"थांब रे," आत्याने शिपायाला अडवलं आणि मॉनिटरला हाताला धरून कोपऱ्यात नेलं. "तुझ्या बहिणीने त्या टिपणांत काय लिहिलं होतं? मावशींनी गेल्या वर्षी काय केलं?"

"बेंबीखाली दाबलं की आरडाओरडा करतात, खाटेवरून उठून बसतात. लगेच ओळखता येतं, असं लिहिलं होतं."

"आणि काल ओरडल्या नाहीत."

"नाही."

"डावीकडे दाबलं की हात उजवीकडे जातो, हे टिपणात होतं?"

"नाही."

"पाय सरळ न करणं?"

"नाही आत्या, असं काहीच नव्हतं. मावशी ओरडल्या की अपेंडिक्स, एवढंच."

आत्या भिंतीला टेकली. तिचा गोंधळ एकदम सुटला नाही. गुंतलेली लोकर सुटावी तसा, एक टोक सापडलं आणि मग उलगडत गेला.

ज्यांनी पाठ केलेलं उत्तर उतरवलं ते पाठ केलेलंच सांगतील. मावशी ओरडल्या म्हणून सांगतील. पण एकही पोर मावशी खाली दाबल्यावर ओरडल्या म्हणत नव्हतं. प्रत्येकाने वेगळीच खूण सांगितली होती, आणि ती टिपणात नव्हती. ठरवूनच बोलायचं असतं तर सगळ्यांनी एकच खूण सांगितली असती. मग त्या खुणा आल्या कुठून?

मावशींच्या पोटातून. चेहरा नाटक करतो, आवाज नाटक करतो. पण पोटाचा एकच कोपरा आवळून धरायला कुठल्याही नटाला जमत नाही. तो कोपरा आपोआप आवळला जातो, आतलं काहीतरी सुजलं की. ज्या बाईला अन्नाचा वास नको होतो, जिला उजवा गुडघा सरळ करवत नाही, ती बाई दुपारी नाटक करत नव्हती. ती नाटकात नसलेलं दुखणं लपवत होती. का, तर ते कार्डावर नव्हतं! आणि पोरांना ते सापडत होतं, पण ती त्याला अभिनय समजत होती. सर्जनसाहेब समोर बसून त्या पोरांच्या कागदावर फुल्या मारत होते.

"अगं बाई गं," आत्या म्हणाली, आणि पुन्हा फोन लावला. "मावशी, खरं सांगा. रात्री दुखत होतं?"

 पलीकडून मावशींचा हसरा, थकलेला आवाज आला. "आता तुमच्यापाशी कशाला लपवू? कालपासून फार दुखत होतं हो. म्हटलं, पोरांनी दाबलं म्हणून असेल. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. मगाशी तुमच्याशी बोलले तेव्हा तर दात आवळून बोलले. पण आत्ताच एकदम थांबलं बघा. काहीतरी सुटल्यासारखं झालं. आता अगदी बरं वाटतंय."

सुजलेलं आत फुटलं की दुखणं असंच एकदम थांबतं, हे आत्याला माहीत होतं. दुखायचं ते थांबलं, हे ऐकून ती याआधीही घाबरली होती. पण इतकी कधीच घाबरली नव्हती.

"मावशींच्या घरी गाडी पाठवा!" ती सिस्टरवर ओरडली. "आणि सर्जनसाहेबांना सांगा, हात धुवायला लागा!" मग ती मॉनिटरकडे वळली. "तू चल माझ्याबरोबर."

"पण बैठक..."

"बैठक गेली खड्ड्यात."

५. हात ठेव

दार उघडंच होतं. मावशी पलंगावर पडल्या होत्या, ओठ कोरडे, चेहरा राखेच्या रंगाचा. त्यांनी हसायचा प्रयत्न केला.

"अहो, बरं वाटतंय म्हटलं ना."

"बोलू नका," आत्या म्हणाली, आणि मॉनिटरकडे पाहून मान हलवली. "तपास."

मुलगी जागची हलली नाही. "आत्या, तुम्ही तपासा ना. माझा हात..."

"मी जिन्याने धापा टाकत आलेय, माझे हात थरथरताहेत. इथे धड हात तुझेच आहेत. ठेव."

मॉनिटरने आपले तळवे एकमेकांवर घासून ऊब आणली आणि डावीकडून, अगदी हळू सुरुवात केली. तिचा चेहरा बदलत गेला. "आता कोपरा नाही राहिला," ती म्हणाली. "सगळंच कडक झालंय. काल इथे मऊ होतं. इथेही. काल फक्त खाली होतं आणि आज सगळीकडे पसरलंय. अपेंडिक्स फुटलंय, आत्या. आणि अंग तापलंय, नाडी पळतेय."

मावशींनी तिचं मनगट धरलं. "तू काल आली होतीस ना गं? फार दाबलंस मेले तू. मी नाही दाखवलं."

"दाखवायला हवं होतं हो मावशी!" पोरीला रडू फुटलं, पण हात तिने उचलला नाही.

खाली गाडीचा आवाज आला.

६. चोरी कुठे झाली

शस्त्रक्रिया बराच वेळ चालली. सर्जनसाहेब बाहेर आले तेव्हा त्यांची टोपी घामाने भिजली होती. "फुटलेलंच होतं. सगळं धुऊन घेतलं. वाचतील," ते म्हणाले. मग मॉनिटरसमोर उभे राहिले. एवढा मोठा माणूस, पण शब्द जुळवायला त्यांना त्रास झाला. "माझ्या डोळ्यांसमोर होतं ते. तू लिहिलंस आणि मी फुली मारली. माझं चुकलं, बेटा."

अधिष्ठाते मात्र सुटल्यासारखे झाले होते. आपल्या खोलीत आत्याला बसवून त्यांनी स्वतः पाण्याचा पेला पुढे केला. "सुटलो बाई! म्हणजे चोरी झालीच नव्हती. पोरांची नावं वाचली, आपलीही लाज राहिली. दुपारच्या तुकडीला पूर्ण गुण देऊन टाकू."

"चोरी झाली होती," आत्या म्हणाली.

"आता आणखी काय?"

"बाळ्या, काल दुपारी त्या पोटात दोन दुखणी होती. एक नाटकातलं, एक खरं. ज्याने पोटाला हात लावला त्याला खरं लागलं. कुणी तेच लिहिलं, कुणी गोंधळून दोन्ही लिहिलं. पण खऱ्याचं नाव टाळून फक्त कार्डावरचं लिहायचं, तर कार्डावर काय आहे ते आधी माहीत असायला हवं."

अधिष्ठात्यांच्या हातातला पेला तसाच राहिला.

"सकाळच्यांनीही फक्त पित्ताशयच लिहिलं," ते घाईने म्हणाले.

"सकाळी तो कोपरा कडक झालाच नव्हता. दुपारी झाला. ह्याच्या आधीच्याला कडक लागला, नंतरचीला कडक लागला, आणि हा मला सांगतो, लोण्यासारखं मऊ. यंदाचं कार्ड कुणी ठरवलं?"

"मी. आणि सर्जनसाहेबांनी."

"कुठे बसून?"

"फोनवर," ते म्हणाले.  "घरी. जेवत होतो. हात खरकटा होता म्हणून फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता टेबलावर." ते हळूच खुर्चीत बसले. "तो समोरच बसला होता. त्याला काय कळतंय म्हणून मी... नाही. मी विचारच केला नाही, आत्या. घरातलंच माणूस म्हणून विचारच केला नाही."

आत्याला वाईट वाटलं. या बाळ्याला तिने चालायला शिकवलं होतं. पण तिने त्याला आधाराचा एकही शब्द दिला नाही, कारण त्या क्षणी आधार मिळाला असता तर तो खुर्चीतून उठलाच नसता.

तो उठला. बाहेरच्या लांब ओसरीत दुपारची सगळी तुकडी उभी होती, चिरंजीवासकट. अधिष्ठाते त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. ते नेहमी मोठ्या आवाजात बोलत, पण आज मागच्यांना पुढे सरकावं लागलं.

"तुमच्यापैकी एक जण सोडून कुणीही चोरी केलेली नाही," ते म्हणाले. "तुमच्या मॉनिटरवर मी आळ घेतला, तो खोटा होता. मी तिची सगळ्यांसमोर माफी मागतो. पेपर बाहेर गेला तो माझ्या घरातून, माझ्या तोंडून. ज्याने त्याचा उपयोग केला तो माझा मुलगा आहे. तो यंदा नापास आहे. आणि मी आजपासून परीक्षेच्या कामात नाही."

 चिरंजीवाचा चेहरा पांढरा पडला होता. मुलं त्याच्यापासून हळूहळू बाजूला सरकली, कुणी ठरवून नाही, पण सरकली. मॉनिटर तेवढी सरकली नाही. ती उलट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तू पोटाला हातच लावला नव्हतास ना?" तिने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. जणू त्याला सुटायला तिने एक वाट काढून दिली होती.

त्याने ती घेतली नाही. "लावला होता."

"मग?"

"कडक होतं. तू म्हणालीस तसंच. फळीसारखं." तो जमिनीकडे बघत होता. "मी दचकून हात काढून घेतला. मला उत्तर माहीत होतं, आणि हे त्यात बसत नव्हतं."

"तुलाही लागलं होतं," ती म्हणाली. तिला ते नीट कळेपर्यंत थोडा वेळ गेला. "काल संध्याकाळी मी तुम्हा सगळ्यांसमोर रडत म्हणत होते, माझा हात खोटा आहे. तू तिथेच उभा होतास. एवढं एकच बोलायचं होतंस रे. मलाही लागलं, एवढंच."

  मग ती वळली आणि मावशींपाशी रात्री कोण बसणार ते विचारायला वॉर्डकडे निघाली.